पांढरी पट्टी आणि हरवलेला साचा

पूर्णा आणि खेळणा यांच्या संगमावर वसलेल्या आपल्या जाफराबादेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले, की ऐकणाऱ्यांची अपेक्षा ठरलेली असते. वक्त्याने आपल्या किल्ल्याच्या तटापासून आरंभ करावा, १८०३ सालच्या असईच्या रणांगणावर यावे आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेथे विसावा घ्यावा. मीही याच इतिहासावर वाढलो. परंतु तलवारीचा आणि तहांचा इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी पडलो कामगार चळवळीतला माणूस. माझे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच आटोपले. पुढचे झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि गावोगावच्या वाचनालयांत. म्हणून मी आज मोटारीच्या टायरविषयी बोलणार आहे, आणि त्यातही टायरच्या अंगावर असणाऱ्या एका पांढऱ्या पट्टीविषयी. विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या युनियनच्या कचेरीत एक डॉक्टर आले. त्यांनी मोठ्या हौसेने एक जुनी दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार विकत घेऊन दुरुस्त केली होती. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९५० ते १९५३ या काळात बनलेली ती एम. जी. टी. डी. जातीची गाडी. अशा सुमारे तीस हजार गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. तेथे कित्येकांवर पांढऱ्या पट्टीचे टायर चढले. डॉक्टरांनी जुनी चित्रे पाहून ठेवली होती आणि त्यांना अगदी तसेच टायर हवे होते. इंजिन झाले, रंग झाला, कातडी बैठक झाली. अडले ते टायरपाशी. “भाऊ, टायर बनवणारे सगळे तुमच्या ओळखीचे. कोणाला तरी विचारून पाहा,” ते म्हणाले.

खरे सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा रागच आला. त्याच आठवड्यात एका बंद कारखान्याच्या कामगारांच्या थकबाकीचे कागद घेऊन मी वणवण फिरत होतो, आणि या गृहस्थांना टायरच्या रंगाची चिंता! पण माणूस भला होता. मी विचारून पाहतो म्हणालो. आणि विचारता विचारता मलाच एका मोठ्या इतिहासाचे दार उघडे सापडले.

या इतिहासाची पहिली गंमत अशी, की टायर मुळात काळा नव्हताच. रबराचा चीक दुधासारखा पांढरा असतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली; १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉपने हवा भरलेला टायर बनवला. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात जस्ताचे भस्म घालीत, त्यामुळे आरंभीचे टायर पांढुरके असत. ते लवकर झिजत. १९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊन येथील कारखान्यात असे दिसून आले, की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी अधिक टिकते. आपण दिव्यावर धरतो त्याच जातीची ही काजळी. कारखान्यात तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. पुढल्या दहा-पंधरा वर्षांत ही युक्ती जगभर पसरली.

पण काजळी फुकट मिळत नव्हती. म्हणून काही कारखान्यांनी ती फक्त रस्त्याला घासणाऱ्या भागात घातली आणि बाजूच्या भिंती पांढऱ्याच ठेवल्या. म्हणजे पांढरी भिंत ही काटकसरीची खूण होती! अख्खा काळा टायर तेव्हा श्रीमंती मानला जाई. तो मळत नसे. फॅशनचे चक्र मात्र उलटे फिरले. सगळेच टायर काळे झाले, तेव्हा पांढरी भिंत दुर्मीळ झाली. दुर्मीळ झाली म्हणून मौल्यवान झाली. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत पांढऱ्या पट्टीसाठी लोक जादा पैसे मोजू लागले. ती स्वच्छ ठेवण्यास नोकर लागे. रोज घासून पांढरी राखलेली पट्टी म्हणजे, घासणारा माणूस माझ्या पदरी आहे, असे जगाला सांगणारी पाटीच होती.

आता पट्टीच्या आतले रबर पाहू. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे सुमारे सत्तर हजार बी लंडनला नेले. त्यातून मलाया आणि सिलोनचे मळे उभे राहिले. आपल्या देशात केरळात थट्टेकाड येथे १९०२ मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली. मळ्यांचे रबर बाजारात भरपूर येण्यापूर्वी आफ्रिकेतील काँगोच्या रानातून ते ओरबाडले गेले. तेथे बेल्जमच्या लिओपोल्ड राजाची खासगी सत्ता १८८५ पासून १९०८ पर्यंत होती. ठरलेले रबर न आणणाऱ्यांना फटके बसत, त्यांची माणसे ओलीस ठेवीत. तोडलेल्या हातांची छायाचित्रे त्या काळी जगभर गेली. पांढऱ्या चिकाचा इतिहास असा तांबडा आहे.

आणि टायर बनवणारे? अमेरिकेतील ॲक्रन हे टायरचे शहर. १९३६ च्या जानेवारीत तेथील फायरस्टोनच्या कारखान्यात टायर बांधणाऱ्या कामगारांनी कामाच्या दरावरून यंत्रे थांबवली आणि ते यंत्रांपाशीच बसून राहिले. पुढल्याच महिन्यात गुडइयरमध्ये मोठा संप झाला, तो पाच आठवडे चालला. कारखान्याबाहेर न जाता आतच ठिय्या देण्याची रीत त्यानंतर अमेरिकेत वणव्यासारखी पसरली. श्रीमंतांच्या मोटारींवर पांढरी पट्टी मिरवत होती तेच हे दशक. एकाच टायरच्या दोन बाजू म्हणा ना!

आता मुंबईकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९३६ मध्ये डनलॉपचा टायर कारखाना बंगालात साहागंज येथे सुरू झाला. शिवडीत फायरस्टोनचाही टायर कारखाना उभा राहिला. तो पुढे बॉम्बे टायर्स इंटरनॅशनल आणि नंतर मोदीस्टोन या नावांनी चालला. १९५८ मध्ये सिएट आपल्या देशात आली आणि भांडुपला तिचा कारखाना झाला. सिएट हे तुरीन शहरातील विजेच्या तारा बनवणाऱ्या एका इटालियन कंपनीच्या नावातील आद्याक्षरे होत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मराठवाड्यातही १९८० नंतर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टायर बनू लागले. कोकण, घाट, खानदेश, मराठवाडा येथून गेलेले हजारो हात या कामात काळे झाले.

मग मुंबईसारख्या शहरात पांढऱ्या पट्टीचा टायर मिळू नये, हे कसे? याचे एक कारण युद्ध. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मलायाचे रबर जपानच्या हाती गेले आणि टायर ही सोन्यासारखी जपून वापरायची वस्तू झाली. तेव्हा पट्टीचे लाड कोण करणार? दुसरे कारण स्वातंत्र्यानंतरचे धोरण. येथे उत्पादन करण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारने केवळ गाड्या जोडण्यास मनाई केली, आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सने आपला गाशा गुंडाळला. परदेशी गाड्या येणे जवळजवळ थांबले. ज्या होत्या त्यांना जे मिळेल ते टायर चढले. एम. जी. टी. डी. चा टायर साडेपाच इंच रुंद आणि पंधरा इंची चाकाचा. आपल्या अँबॅसिडरचेही चाक पंधरा इंची, म्हणून हौशी लोक अँबॅसिडरचे टायर घालून गाडी चालवीत राहिले. २०१४ मध्ये अँबॅसिडरही बंद झाली. तिसरे कारण म्हणजे स्वतः फॅशन. परदेशात १९६२ च्या सुमारास रुंद पट्टी जाऊन बोटभर पट्टी आली. मग रेडियल टायर आले आणि तीही गेली.

आम्ही शोध सुरू केला. कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार पालथा घातला, चोरबाजार पाहिला. एकाने पांढरा रंग मारून देतो म्हणून सांगितले. टायर चालताना भिंत लवते आणि रंगाला तडे जातात, हे त्याने सांगितले नाही. दुसऱ्याने टायर आणि चाकाची कड यांच्यामध्ये बसवायची पांढऱ्या रबराची चकती दाखवली. ती दिसते झकास, पण वेगात टायरची भिंत खाते.

अखेर मला आठवण झाली आपल्याच तालुक्यातील एका म्हाताऱ्या कामगाराची. सगळे त्यांना मामा म्हणत. ऐन विशीत मुंबईला गेले, एका टायर कारखान्यात लागले, कारखाना बंद पडला तेव्हा गावी परतले. मी डॉक्टरांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर चहा झाला. पांढऱ्या पट्टीचे नाव काढताच मामांचे डोळे चमकले. “लेकरा, ते पांढरं वरून लावीत नसतात. आतून काढावं लागतं.”

मग त्यांनी सगळी रीत सांगितली. काजळीच्या खात्यापासून दूर, वेगळ्या जागी पांढरे रबर मळायचे. काजळीचा कण उडून आला तरी माल फुकट. त्या रबराची पट्टी भिंतीच्या काळ्या रबरात बसवायची आणि तिच्यावर पुन्हा काळ्या रबराचा पातळ पापुद्रा ठेवायचा. कच्चा टायर साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. बाहेर येतो तो सबंध काळा. मग फिरत्या दगडावर वरचा पापुद्रा अंदाजाने घासून काढला, की आतली पांढरी कडी उघडी पडते. कमी घासले तर काळे डाग राहतात. जास्त घासले तर टायर वाया. शेवटी पट्टीवर निळा रंग फासायचा, म्हणजे वाटेत ती डागळत नाही. गिऱ्हाईक तो पाण्याने धुऊन काढते. आणि पट्टी पिवळी का पडते? तर काळ्या रबरातील तेले आणि औषधे पाझरून पांढऱ्यात येतात म्हणून. त्यासाठी शेजारच्या रबराचेही औषध बदलावे लागते. रसायनशास्त्राचा हा धडा मी पुस्तकात नंतर वाचला. ओसरीवर आधी ऐकला.

“मग आता का बनत नाहीत?” डॉक्टरांनी विचारले. मामा म्हणाले, “साचा कुठाय?”

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासाची किल्ली या दोन शब्दांत आहे. रबर आजही आहे, काजळी आहे, गंधक आहे. साचा नाही. टायरचा साचा म्हणजे लोखंडाची दोन अर्धुके. त्यांच्या आत नक्षी, माप, कंपनीचे नाव, सारे उलटे कोरलेले, म्हणजे टायरवर ते सुलटे उमटावे. प्रत्येक मापाला वेगळा साचा. कारखाना बंद पडला, की यंत्रे विकली जातात आणि साचे वजनावर भंगारात जातात. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जालन्याला, भंगार वितळवून सळया बनवणाऱ्या केवढ्या भट्ट्या आहेत हे मी आपणांस सांगावयास नको. त्या ढिगाऱ्यांत एखादा टायरचा साचाही येऊन गेला असेल, आणि त्याची सळई कदाचित आपल्यापैकीच कोणाच्या घराच्या स्लॅबमध्ये असेल.

साचा जपला तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात हॅरॉल्ड कोकर या गृहस्थांनी १९५८ मध्ये टायरचा धंदा सुरू केला. पुढे त्या घराण्याने जुने साचे मिळवले, जुन्या कंपन्यांची नावे वापरण्याची परवानगी घेतली आणि जुन्या मोटारींसाठी जुन्याच नक्षीचे टायर नव्याने बनवले. जगभरचे हौशी लोक तेथून टायर मागवू लागले. पण आपल्याकडे परदेशी टायर आणण्यावर प्रमाणपत्राची अट होतीच. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली घेतली, तेव्हा वाट आणखी अरुंद झाली.

डॉक्टरांना अखेर पुण्यात एका शौकिनाकडे कधी काळी परदेशातून आणून ठेवलेले चार टायर मिळाले. पांढरी शुभ्र पट्टी, नक्षी कोरी करकरीत. एका मोटार मेळाव्यास मुलीला शेजारी बसवून जाण्याचा त्यांचा बेत होता. टायर चढवण्यापूर्वी ते मामांना दाखवावे असे त्यांच्या मनात आले, हे त्यांचे भाग्य. मामांनी टायर उभा धरला, दोन्ही अंगठ्यांनी भिंत वाकवली आणि चाकाच्या कडेजवळ नख फिरवले. केसासारख्या बारीक भेगा उघड्या झाल्या. मी भिंतीवरचे आकडे वाचले. २००० सालापासून टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हे आपणही घरी जाऊन पाहावे. तो टायर न वापरताच म्हातारा झाला होता. मामा म्हणाले, “दाखवायला ठेवा, डॉक्टरसाहेब. पळवू नका. पोरीला घेऊन तर नकोच.”

डॉक्टर मेळाव्याला गेले ते साध्या काळ्या नायलॉन टायरांवर. पांढरे टायर त्यांच्या गाडीच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहेत.

निघताना डॉक्टरांनी पाकीट पुढे केले. मामांनी ते घेतले नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “माझ्या हिशेबाचं काही कळलं का रे?”

हिशेब म्हणजे ग्रॅच्युइटी आणि थकलेला पगार. कायदा काही अगदीच मुका नाही. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेत कामगारांची देणी तारण ठेवून घेणाऱ्या सावकारांच्या बरोबरीने धरली गेली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने चोवीस महिन्यांच्या देण्यांना ती बरोबरी ठेवली. पण बरोबरीने उभे राहण्यास हातात कागद लागतो. मामांपाशी पगाराची एकही चिठ्ठी नव्हती. हजेरी कार्ड चाळीच्या खोलीत राहिले. खोली गेली, तेही गेले. कारखान्याचे दप्तर कोठे आहे, कोणी सांगेना.

आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या गाडीची फाईल माझ्या हातात होती. पहिल्या मालकाची पावती, नोंदणीचे पुस्तक, चौकटीवरच्या आकड्याची नक्कल, दुरुस्तीची बिले, सारे क्रमाने लावलेले. सत्तर वर्षांपूर्वीची गाडी आपला जन्म सिद्ध करू शकत होती. टायर बांधण्यात उमर घातलेला माणूस आपली नोकरी सिद्ध करू शकत नव्हता. मामांना मी काय उत्तर द्यावे? “बघतो मामा,” एवढेच म्हणालो. ते आता हयात नाहीत. हिशेब मिळाला नाही.

डॉक्टरांवरचा माझा राग मात्र त्या ओसरीवरच उतरला होता. त्यांनी एक वस्तू जपली, तिचे कागद जपले, तिचे अस्सल टायर कोठे आहेत म्हणून मैलोगणती फिरले. चूक असलीच तर आमची आहे. आम्ही मोर्चे काढले, घोषणा दिल्या, करार केले. पण ज्या माणसांसाठी हे केले त्यांचे कागद सांभाळण्याची अक्कल आम्हांला उशिरा सुचली. जे कोणी जपून ठेवते तेवढेच उद्याला सापडते. साच्याला हा नियम लागू, तसा कामगारालाही.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी मी आपणांपुढे एक छोटी सूचना ठेवतो. आपल्या तालुक्यातून मुंबईला, वाळूजला, जालन्याच्या भट्ट्यांवर गेलेली माणसे घरोघरी आहेत. कोणाचे वडील, कोणाचे काका. त्यांची पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, विमा योजनेचे कार्ड, युनियनची पावती, फाटकाचा पास, जे असेल ते बाहेर काढा. आपल्या वाचनालयात एक कपाट आणि एक नोंदवही ठेवू. प्रत्येकाचे नाव, गाव, कारखाना, खाते, कामाची वर्षे आणि त्याच्या हाताला येत असलेली विद्या त्यात लिहू. मूळ कागद घरी राहोत, नक्कल कपाटात राहो. नोंदवहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. कारखान्याचे नाव आणि कामाची वर्षे या रकान्यांत मला आठवते ते पेन्सिलीने लिहिले आहे. कोणाकडे पुरावा निघाला तर शाईने लिहू. खात्याच्या रकान्यात शाईनेच लिहिले आहे : टायर बांधणी, पांढरी पट्टी घासून काढणे.